'हिस्टोग्राम स्ट्रेच': ताणणे, फाकवणे की उजळणे?

मृगशीर्ष
आकाशाचे फोटो काढायला लागलेल्यांसाठी एक टिपण मराठीत करतेय, त्यात एका वाक्यावर गाडी अडली आहे. सांगायचं आहे ते असं: स्टॅक केलेली, म्हणजे अनेक फोटो एकावर एक रचून बनवलेली, फाइल उघडली की पडदा जवळजवळ काळा दिसतो, चार ठळक तारे सोडले तर काही नाही. तेव्हा आधी स्क्रीन स्ट्रेच, म्हणजे फक्त पडद्यापुरता उजळपणा, लावायचा, अंधुक तेजोमेघ फोटोत उतरलाय का ते बघायचं, पण मूळ डेटा लिनियरच, म्हणजे सेन्सरने मोजला तसाच, ठेवायचा. मी लिहिलं, 'हिस्टोग्राम ताणून पाहा' (हिस्टोग्राम म्हणजे फोटोत कोणत्या उजळपणाचे किती ठिपके आहेत त्याचा आलेख). मसुदा एका मुलाला वाचायला दिला, तर त्याने फोटो कोपऱ्याला धरून आडवा ओढला आणि म्हणाला, 'ताणला, पण नवीन काहीच दिसत नाही.' फोटो ताणणे म्हटलं की मराठीत कोणाच्याही डोळ्यांपुढे तेच येणार. दुसरा शब्द सुचवा.

संख्यामित्र
पहिली गोष्ट, हिस्टोग्रामला मराठी शब्द आहे. दहावीच्या गणितात 'आयतालेख' शिकवतो आम्ही. तो शब्द वापरला असता तर मुलगा फोटोकडे गेलाच नसता, आलेखाकडे गेला असता. 'आयतालेख विस्तारणे' लिहा.

डार्करूम
सर, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर जे दिसतं त्यात एकही आयत दिसत नाही, सलग डोंगर दिसतो. फोटो काढणारा माणूस, मग तो लग्नाचे काढो की दीर्घिकांचे, 'हिस्टोग्राम' असंच म्हणतो. रुळलेला शब्द काढून पुस्तकी शब्द बसवला की टिपण कोणी वाचत नाही.

संख्यामित्र
रुळलेला म्हणजे काय? 'दिनांक', 'महापौर', 'चित्रपट' हे सावरकरांनी दिले तेव्हा कुठे रुळलेले होते? लिहिणाऱ्यांनी लिहिले म्हणून रुळले. आणि आयत का दिसत नाहीत, तर ते इतके अरुंद आहेत म्हणून. चौदा बिटच्या कॅमेऱ्यात उजेडाच्या ० ते १६३८३ एवढ्या पायऱ्या असतात, असे शेकडो आयत शेजारी शेजारी उभे केले की डोंगरच दिसणार.

वांगणीकर
शब्दाआधी क्रिया नेमकी काय आहे ते पाहू, म्हणजे क्रियापद सापडेल. सेन्सर प्रकाशाच्या प्रमाणात आकडा देतो, दुप्पट प्रकाश, दुप्पट आकडा. आकाशाची पार्श्वभूमी आणि तेजोमेघ यांच्या आकड्यांत फरक अगदी थोडा. समजा पार्श्वभूमी ८०० आणि तेजोमेघ ८३०. पडद्यावर १६३८३ पायऱ्यांच्या तळाशी हे दोघे एकमेकांना चिकटून बसतात, डोळ्याला दोन्ही काळेच. म्हणून हिस्टोग्राममध्ये डाव्या भिंतीला टेकलेला एकच सुळका दिसतो. स्ट्रेच करताना काळ्याची सुरुवात त्या सुळक्याच्या पायथ्याशी आणतात आणि मधल्या छटा वर उचलतात. पिक्सइनसाइट किंवा सिरिल या सॉफ्टवेअरमधला ऑटोस्ट्रेच (आपोआप होणारा स्ट्रेच) पार्श्वभूमीला साधारण ०.२५ वर, म्हणजे पूर्ण पट्टीच्या पावभर उंचीवर नेऊन बसवतो. ८०० आणि ८३० मधलं अंतर फाकतं. तेजस्वी तारे वरच्या टोकाला होते, तिथेच दाटीवाटीने राहतात. सगळं सारखं ताणलं जात नाही. तेव्हा माझ्या मते 'फाकवणे'. उजेड फाकतो म्हणतोच ना आपण, प्रकाशाशी नातं असलेलं क्रियापद आहे.

मृगशीर्ष
वांगणीकर, वर्णन चपखल आहे, ते उचलू का? पण 'फाकवणे' शाळेच्या मुलांपुढे मोठ्याने वाचायचा मला धीर होत नाही.

इचलकरंजी
ताणणे सोडू नका ताई. 'तन्' धातूपासून तान, तंतु, वितान आणि आमचा मागावरचा ताणा. आजोबांच्या घरी हातमाग होता. ताणा लावला की एरवी गुंत्यात दडलेला प्रत्येक धागा वेगळा दिसायचा, तुटका कुठला तेही कळायचं. तुमच्या हिस्टोग्राममधला 'हिस्टोस' हाही ग्रीकमध्ये मागच. माझी तर खात्री आहे की हा शब्द घडवणाऱ्याच्या मनात मागावरचे उभे धागे असणार.

संख्यामित्र
खात्री कशावरून? 'हिस्टोस'चा अर्थ डोलकाठी असाही आहे, उभं केलेलं काहीही. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १८९५ च्या निबंधात हा शब्द छापला, तो उभ्या स्तंभांच्या आकृतीसाठी. माग कुठून आणता? मात्र व्युत्पत्तीच काढायची तर 'आयत' घ्या. आ + यम्, म्हणजे लांबवणे, ताणणे. आयतलोचना म्हणजे जिचे डोळे लांबट आहेत ती. आयाम तिथलाच, प्राणायामही. आयतालेखात ताण आधीपासून भरलेला आहे.

इचलकरंजी
मग 'आयतालेख ताणणे' ही द्विरुक्ती झाली की!

अनुवादिनी
मृगशीर्ष, तुमच्या पहिल्याच वाक्यात उत्तर आहे असं मला वाटतं. तुम्ही 'ताणा' नाही, 'ताणून पाहा' लिहिलंत. करून पाहणे, चाखून पाहणे, घालून पाहणे: मराठीत ही जोडणी म्हणजे तात्पुरतं करायचं, अंदाज घ्यायचा, नाही पटलं तर सोडून द्यायचं. स्क्रीन स्ट्रेच अगदी हेच आहे, फाइलमधला एकही आकडा बदलत नाही, फक्त दाखवण्याची रीत बदलते. आणि जिथे स्ट्रेच कायमचा लावायचा तिथे 'ताणून टाका' म्हणा. 'टाकणे' आलं की मराठी माणसाला कळतं, आता मागे फिरणं नाही. 'पूर्वदर्शन' वगैरे शब्दाची गरजच उरत नाही.

डार्करूम
हे पटलं. फक्त कायमचं ताणण्याआधी काय काय उरकायचं तेही लिहा. प्रकाशप्रदूषणाचा चढउतार काढणं, रंग जुळवणं ही कामं डेटा लिनियर असतानाच नीट होतात. ऑटोस्ट्रेचमध्ये छान दिसलं म्हणून कोणी त्याचाच स्क्रीनशॉट ठेवतं, कोणी आठ बिटच्या जेपेगमध्ये साठवून नंतर ताणायला जातं. तिथे छटा फक्त २५६. त्या तळाच्या पाचदहा छटा फाकवल्या की गुळगुळीत आकाशाच्या जागी पट्टे उमटतात. तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात ते इथे शब्दशः लागू आहे.

वांगणीकर
आणि ताणल्याने नवीन प्रकाश येत नाही हे ठळक अक्षरात हवं. तेजोमेघ वर येतो तसा नॉइजही, म्हणजे आकड्यांतला अनियमित चढउतारही, वर येतो, दोघांचं गुणोत्तर तेच. प्रिव्ह्यूचा खरा उपयोग असा की रात्री दोन वाजता, दुर्बीण जागेवर असतानाच कळतं की अजून एक्सपोजर हवेत की पुरे.

संख्यामित्र
'ताणून पाहणे' ठीक, पण कोणत्या सूत्राने? लॉगने, गॅमा-वक्राने, की आर्कसाइनहायपरबोलिकने? लप्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या रंगीत चित्रांसाठी तो शेवटचा वापरला, त्यात ताऱ्यांचे रंग पांढरे पडत नाहीत. एकच क्रियापद सगळ्यांना कसं पुरेल?

अनुवादिनी
भाजी चिरणे म्हणताना सुरी कुठली ते सांगतो का आपण?

डार्करूम
फिल्मच्या काळात यातलं काही नव्हतं, तरी काम तेच चालायचं. अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत खगोलछायाचित्रकार डेव्हिड मालिन काचेच्या प्लेटच्या वरच्या थरातला अंधुक अंश हाय कॉन्ट्रास्ट फिल्मवर उतरवून घेत. त्या रीतीने 'मालिन-१' ही अवाढव्य पण अतिशय पुसट दीर्घिका १९८६ मध्ये हाती लागली. ते त्याला 'अँप्लिफिकेशन' म्हणत, वर्धन. आम्हीही विरळ निगेटिव्ह असेल तर हार्ड, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवणारा, पेपर घ्यायचो आणि प्रिंट 'उचलली' म्हणायचो. 'उचलणे' का नको?

मृगशीर्ष
'पुसट' वापरलंत तुम्ही. मी सगळीकडे 'अंधुक' लिहिलंय.

डार्करूम
अंधुक म्हणजे डोळ्याला नीट न दिसणारं, तिथे दोष डोळ्याचा किंवा उजेडाचा असू शकतो. पुसट म्हणजे वस्तूच फिकी, पुसल्यासारखी. देवयानी दीर्घिकेच्या कडेचे हात पुसट आहेत.

इचलकरंजी
पण तेजोमेघ कोणी पुसलेला नाही. तो होता तसाच आहे. अंधुकच बरोबर.

वांगणीकर
वेध घेणारी मंडळी दोन्ही म्हणत नाहीत. 'किती प्रतीचा तारा' असं विचारतात, प्रतीचा आकडा मोठा की तारा मंद. मंद तारा, मंद तेजोमेघ.

इचलकरंजी
मंद तर ज्योत असते, वारा असतो. तेजोमेघाला मंद म्हटलं की तो हळू चाललाय असं वाटतं.

मृगशीर्ष
'ताणून पाहा' आणि 'ताणून टाका' सध्या लिहून ठेवते. पण नॉइजचं काय? 'गोंगाट' लिहिलं तर वाचणारा कॅमेऱ्याला कान लावेल.

डार्करूम
दाणे. फिल्मवर आम्ही दाणेच म्हणायचो.

संख्यामित्र
फिल्मवरचे दाणे चांदीचे होते. इथला नॉइज मोजणीतला चढउतार आहे. दोन्हींना एक शब्द चालणार नाही.