सबनॉटिका: कंट्रोल आधी पाठ करायचे, की पाण्यात उतरून शिकायचे?

रामबागचा पाणबुड्या
इंदूरच्या आमच्या ग्रुपात सध्या सबनॉटिकाचं, म्हणजे परग्रहावरच्या समुद्रात जीव वाचवत फिरायच्या कॉम्प्युटर गेमचं, वेड आहे. गेम २०१८ चा, पण सेल लागला की अजून पोरं घेतात, आणि घेतल्या घेतल्या प्रत्येकाची मागणी एकच: "भिया, बटणांची यादी पाठव ना." माझं म्हणणं, अजिबात पाठवू नका. डब्ल्यू दाबलं की तुम्ही जिकडे बघताय तिकडे पोहता. माऊस खाली वळवला की खाली, वर वळवला की वर. स्पेसने सरळ वर, सी ने सरळ खाली, टॅबने पीडीए, म्हणजे सामान आणि माहिती दाखवणारी हातातली पाटी. एवढ्यावर पहिली संध्याकाळ आरामात निघते. सुरुवातीला श्वास पुरतो ४५ सेकंद आणि लाइफपॉडखालचं (जिथून गेम सुरू होतो त्या तरंगत्या डब्याखालचं) पाणी उथळ असतं, त्यामुळे घाबरत, धडपडत बोटं आपोआप तयार होतात. यादी घोकून आलेला समोरून पीपर मासा गेला तरी बटणच आठवत बसतो.

सुदामानगरची मावशी
तुमची बोटं शाळेपासून डब्ल्यू-ए-एस-डी वर बसलीत, म्हणून हे बोलणं सुचतं. माझी पन्नाशी उलटली, आयुष्य टॅली आणि एक्सेलमध्ये गेलं. उजवं क्लिक म्हणजे मेन्यू उघडणार, हे हाडीमाशी भिनलेलं. इथे डाव्या क्लिकने वस्तू उचलायची आणि उजव्याने हातातलं अवजार चालवायचं! स्कॅनर तर उजवं बटण दाबून धरल्याशिवाय चालतच नाही. हे मला पाण्याने शिकवायचं का? भाच्याने वहीचं पान फाडून आठ ओळी लिहून दिल्या, त्या मॉनिटरखाली चिकटवल्यात. मजा काही कमी झाली नाही.

रामबागचा पाणबुड्या
मावशी, क्लिकचं मान्य. बंदुकीचे गेम खेळणारेही तिथेच अडकतात, त्यांना डाव्या क्लिकने गोळी झाडायची सवय. (इथे गोळ्यांची बंदूकच नाही. गेम बनवणाऱ्या चार्ली क्लीव्हलँडने २०१२ च्या सँडी हूक गोळीबारानंतर तसं ठरवलं.) पण नेहरू पार्कच्या तलावात कोणी कागद वाचून पोहायला शिकलंय का?

सुदामानगरची मावशी
नाही शिकलं. पण उतरायच्या आधी "किती खोल आहे हो?" असं विचारतात ना, बाबा?

निम्मी टाकी
दोघंही बटणांवरच भांडताय. माणूस मरतो तो गुहेत, आणि मरतो तो पाठ केलेल्या बटणानेच. प्रसंग असा: वनस्पतींच्या जंगलाखाली बारीक भोक दिसतं, आत चुनखडीचे दगड दिसतात, एक फोडला, दुसरा फोडला, तेवढ्यात पीडीए म्हणतो तीस सेकंद उरले. घाबरलेलं बोट स्पेसवर जातं, कारण "वर जायचं" एवढंच डोक्यात. स्पेस इमानदारीत वर नेतो. वर छत. डोकं खडकाला टेकलेलं, स्पेस दाबलेलाच, आणि आकडा उतरतोय. तिथे माऊस फिरवून आलेल्या भोकाकडे तोंड करून डब्ल्यू धरायचा असतो. हे कुठल्याही यादीत लिहिलेलं नसतं. म्हणून यादीपुरता मी पाणबुड्याच्या बाजूने. पण "मरत मरत शिका" हेही पटत नाही. हार्डकोअर नावाच्या खेळप्रकारात जीव एकच. तिथे काय शिकणार, डोंबल?
आणि नवीन लोकांनो, टॅब दाबून पीडीए उघडला म्हणजे वेळ थांबली असं समजू नका, श्वास संपतच असतो. थांबवायचं तर एस्केप. पीडीए उघडला की गेम थांबावा असा पर्याय आता सेटिंग्जमध्ये आहे, तो चालू करा, त्यात कसली लाज?

सोफ्यावरचा कंट्रोलरवाला
कंट्रोलर घ्या, पोहे खा, वाद मिटवा. फक्त बेस, म्हणजे पाण्याखालचं घर, बांधायला बसलात की कीबोर्डवाल्यांना मनातल्या मनात सलाम करावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

खोलीवाले काका
बटणं विसरलात तर सेटिंग्जमध्ये सापडतील, बदलताही येतील. पाठ करायचे ते आकडे. खऱ्या पाण्यात दर १० मीटरला साधारण एक वातावरणाचा दाब वाढतो, त्यामुळे १० मीटरवर टाकीतली हवा दुप्पट वेगाने संपते. गेमने इथे सूट दिलीय, १०० मीटरपर्यंत श्वास एकाच दराने जातो. त्याखाली रीब्रीदर (श्वास वाचवणारा मुखवटा) नसेल तर भराभर. सीमॉथ, म्हणजे गेममधली छोटी पाणबुडी, अपग्रेडशिवाय २०० मीटरच्या खाली नेलीत तर चेपायला लागते. हे माहीत नसलेला माणूस कितीही सराईत बोटांनी खेळू दे, तळाशीच राहणार. यादी द्यायचीच तर ही द्या.

रामबागचा पाणबुड्या
काका, तेही गेम सांगतोच. खोलीचा आकडा समोर दिसतो, सीमॉथ ओरडून सांगते. सगळं आधीच कळलं तर त्या अंधाराची भीती कुठून येणार? अपन पैसे त्या भीतीचेच देतो.

सुदामानगरची मावशी
भीतीचं नंतर. सीमॉथ बनवली, आत बसले, आता बाहेर कसं पडायचं? भाच्याच्या आठ ओळींत हे नाही.

रामबागचा पाणबुड्या
ई दाबा मावशी. आत शिरताना स्क्रीनवर येऊन जातं ते.

सुदामानगरची मावशी
आले बाहेर. नववी ओळ लिहून टाकली.