डिझेल इंजिनाची गळती: सगळीकडे एकच ट्यूब चालेल का?

विहिरीवरचं_इंजिन:
जुन्या ट्रॅक्टरला तीन ठिकाणी गळती आहे. इंजिनाखालच्या पत्र्याच्या तेलाच्या चेंबरच्या जोडातून तेल पाझरतं, ऑइल प्रेशर सेंडरच्या (तेलाचा दाब मीटरला कळवणारा भाग) आट्यांतून ठिबकतं, आणि डिझेल फिल्टरच्या बँजो बोल्टजवळ (डिझेल आतून जाणारा पोकळ बोल्ट) ओल राहते, सकाळी इंजिन हवा घेतं. मिस्त्री म्हणतात, लाल सिलिकॉन आणि टेफ्लॉन टेप आणा, काम झालं. खरंच तेवढ्यात भागेल?

फिटर_सांगोला:
नाही भाऊ. तिन्ही गळत्या वेगळ्या जातीच्या आहेत.

बँजोपासून सुरू करा, कारण नुकसान तिथेच होतं. तो बोल्ट आट्यांवर सील होतच नाही, दोन्ही बाजूंच्या वायसरवर होतो. टेप गुंडाळून काहीच साधत नाही. उलट तिचे तंतू सुटून पंपात, नोझलमध्ये जातात. सिलिकॉन तर डिझेलमध्ये फुगून सुटतं. दोन नवे तांब्याचे वायसर, बसायची जागा स्वच्छ, बस्स.

सेंडरचे आटे निमुळते असतील तर सील आट्यांतच होतं. तिथे लॉकटाइट ५७७ सारखं आट्यांचं सीलंट लावा. हे हवेशिवाय, धातूला लागून घट्ट होतं, म्हणून आटे तेलकट ठेवू नका. पहिला आटा कोरा सोडा.

चेंबरला मात्र सिलिकॉनच बरं, कारण पत्रा जरा वाकडा असतोच. जुनं सगळं खरवडून, पुसून, २-३ मिलिमीटरची न तुटणारी धार, भोकांच्या आतल्या बाजूने. साय धरायच्या आत चेंबर बसवा. जास्त थापू नका. आत दबलेला गोळा सुटला की तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसतो, मग बेअरिंगला तेल कुठून मिळणार? ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मगच तेल भरा.

हेड गास्केटला कोणी काही लावायला सांगितलं तर कंपनीचं पुस्तक दाखवायला सांगा. बहुतेक गास्केट कोरडंच बसतं.

लेथवाला:
सेंडरबद्दल एक भर. पाइपच्या आट्यांची दोन मापं असतात, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी. १/८ इंची बीएसपीचे आटे इंचाला २८, एनपीटीचे २७. दोन-तीन फेरे सहज जातात, मग अडकतं. एकात दुसरं बसवलेली अशी जोडी कुठलंच सीलंट वाचवणार नाही आणि जोर लावला तर बिडाचं बॉस (सेंडर बसतो तो जाड भाग) तडकतं. आटे मोजण्याचं गेज लावून बघा. एकतारी सेंडरला विजेचं अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, म्हणून टेपचे थर नकोच.

विहिरीवरचं_इंजिन:
नवे वायसर तालुक्यालाच मिळतात. जुने चालतील का?

फिटर_सांगोला:
चरा पडलेले नसतील तर तात्पुरते चालतील. गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका. तांबं मऊ होतं. वरची काजळी बारीक एमरी पेपरने काढा. तालुक्याला गेलात की मात्र नवे जास्तीचे घेऊन ठेवा.