वय ४३, भोसरीत शॉप: आता एलएलबी करून वकिली जमेल का?

जॉबवर्कवाला:
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकी लेथवर सुटे भाग करून द्यायचं, छोटं वर्कशॉप आहे. बी.कॉम. झाल्यावर आधी एका कंपनीत स्टोअर्स, मग खरेदी, मग स्वतःचं. मुलगी दहावीला.

गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल अडकवलं. माल घेतला, लाइनवर लावला आणि दोन महिन्यांनी रिजेक्शनची डेबिट नोट, म्हणजे माल नापास म्हणून पैसे कापल्याचा कागद, पाठवली. वकिलांकडे गेलो, तर जीआरएन (गिऱ्हाइकाने माल मिळाल्याची केलेली नोंद) म्हणजे काय इथपासून सांगावं लागलं. कागद मीच लावले, तारखा मीच काढून दिल्या. पैसे अजून यायचेत, पण त्या कामात जीव रमला तसा शॉपवर कित्येक वर्षांत रमला नाही. वाटतं, एलएलबी करावं आणि छोट्या कारखानदारांचीच कामं घ्यावीत. वयाची अट आहे का? शॉप चालू ठेवता येईल? की हे खूळ सोडून द्यावं?

ताळेबंद:
एमएच-सीईटी लॉला, म्हणजे एलएलबीच्या प्रवेश परीक्षेला, वरची वयोमर्यादा नाही. पदवीला ओपनसाठी ४५ टक्के लागतात. नंतर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि दोन वर्षांत बार कौन्सिलची एआयबीई ही परीक्षा पास व्हायची. खर्चाची भीती नको, सनदेचं नोंदणी शुल्क ओपनला ७५० रुपयांवर घेता येत नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०२४ चा निकाल आहे. खरा प्रश्न घरखर्चाचा. सुरुवातीची वर्षं सीनियर देतील तेवढ्यावर काढावी लागतात, आणि तुमच्या मुलीचं कॉलेज नेमकं तेव्हाच येतंय.

खरेदीखात्यातली:
दादा, हे खूळ नाही. मी चाकणला एका कंपनीत खरेदीखात्यात होते. पस्तिशी उलटल्यावर एलएलबी केलं, आता शिवाजीनगर कोर्टात असते. कामं बहुतेक थकबाकीचीच.

तुमची डेबिट नोटच घ्या. छोट्या उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा २००६, कलम २(ब): माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचला त्याच दिवशी त्याने तो स्वीकारला असं धरतात. दोन महिन्यांनी आलेली डेबिट नोट तिथेच लंगडी पडते. पण हे सगळं उभं राहतं ते चलनाच्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या कागदाच्या, तुमच्या प्रतीवर. तिच्यावर गेटचा शिक्का आहे का? तारीख वाचता येते का? माणूस कागदांची पिशवी टेबलावर रिकामी करतो तेव्हा मी आधी चलन उचलते, बिल नंतर. ही सवय मला कॉलेजने नाही, खरेदीखात्याने लावली. पुढे कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडची मुदत चालत नाही, आणि कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना त्याला आव्हान द्यायचं असेल, तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. छोट्या माणसाच्या हातात एवढं बळ असून तो डेबिट नोटवर मुकाट्याने सही करून मोकळा होतो, याचा मला फार त्रास होतो. म्हणून तुमच्यासारखी माणसं या कामात हवीत.

मात्र धंद्याचं ज्ञान निम्म्या वाटेपर्यंतच नेतं. कागदाला निशाणी (कोर्टाचा पुरावा क्रमांक) कशी पाडून घ्यायची, उलटतपासणीत कुठे थांबायचं, हे सीनियरच्या हाताखालीच येतं. कमर्शियल कोर्टात ३ लाखांपासूनचे व्यापारी दावे चालतात. तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची, ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो. समन्स लागल्यापासून १२० दिवस उलटले की प्रतिवादीला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देता येत नाही. धंद्यात चार दिवस मागेपुढे आपण चालवून घेतो, इथे नाही. आणि हो, माझे सीनियर माझ्याहून वयाने लहान होते. त्यांच्या मागे फाइली घेऊन उभं राहणं मनापासून जमणार असेल तरच या.

शॉपबद्दल. शिकताना चालेल, फक्त प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी सांभाळा. सनद घेतल्यावर नाही. बार कौन्सिलच्या नियम ४७ प्रमाणे वकिलाला स्वतः धंदा करता येत नाही. कामात भाग न घेणारा भागीदार राहता येतं, तेही तो धंदा वकिलीच्या प्रतिष्ठेला बाधक नाही असं राज्य बार कौन्सिलचं मत असेल तर. मुंबईच्या एका डॉक्टरांनी दवाखाना चालू ठेवून सनद मागितली होती, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये नाही म्हटलं.

जॉबवर्कवाला:
ताई, मनापासून आभार. मिसेस एका कंपनीत अकाउंट्स बघतात, त्यामुळे घर चालेल. शॉप त्यांच्या नावावर केलं तर?

खरेदीखात्यातली:
नाव बदलून भागत नाही. कोटेशन तुम्ही देणार, गिऱ्हाइकाचा फोन तुम्ही घेणार, तर धंदा तुमचाच. पुढे कुणी तक्रार केली तर सनदेवर येईल. हाताशी एलएलबीची तीन वर्षं आहेत, भरवशाचा माणूस तयार करा नाहीतर मशीनं विका. तेवढं मनाशी ठरलं की सीईटीचा फॉर्म भरा.

तुमच्या थकलेल्या बिलाचा कौन्सिलकडे अर्ज केलाय का? आणि चलनाच्या मूळ प्रती कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.