सामान्य माणसाची रोजनिशी: इतिहास की चोंबडेपणा?

टिपणवही: १९३७ साली ब्रिटनमध्ये टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी 'मास ऑब्झर्वेशन' सुरू केलं. स्वयंसेवकांनी आपला दिवस जसा गेला तसा लिहून पाठवायचा. १२ मे १९३७ ला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक होता, पण यांना कुतूहल होतं त्या दिवशी लोक काय करत, काय बोलत होते याचं. माझ्या मते इतिहास म्हणावा तर हा. राजाची मिरवणूक काय, कुणीही लिहील.

शंकासुर: आणि लिहून पाठवणारे कोण? बहुतेक मध्यमवर्गीय, हाताशी वेळ असलेले. दिवसभर गिरणीत राबून आलेला माणूस कुठला वही घेऊन बसतोय! इंग्लंडमधल्या बोल्टन या गिरणगावात तर यांची माणसं पबमध्ये बसून कोण किती वेळात ग्लास रिकामा करतो ते मोजायची. यांचा छायाचित्रकार हम्फ्री स्पेंडर कोटाखाली कॅमेरा लपवून फोटो काढायचा. पुढे युद्धात लोकांच्या मनोधैर्याचे अहवाल थेट माहिती मंत्रालयाला! आमच्याकडे याला पाळत म्हणतात.

टिपणवही: पबचं मान्य, ते मलाही खटकतं. पण रोजनिशी वेगळी. इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस गावची नेला लास्ट घ्या, यांच्यासाठी रोजनिशी लिहिणारी स्वयंसेविका. १९३९ मध्ये लिहायला लागली तेव्हा ४९ वर्षांची गृहिणी. नवऱ्याचा मूड सांभाळत जगलेली ही बाई युद्धकाळातल्या सेवाकामात हळूहळू ताठ उभी राहते, आणि ते आपल्याला तिच्याच शब्दांत, दिवसागणिक दिसतं. कुठल्या जनगणनेच्या तक्त्यात सापडेल हे?

मधलाच: दोघांचं भांडण वेगवेगळ्या गोष्टींवर चाललंय. 'किती जणांना असं वाटत होतं' हे रोजनिशीला विचारूच नये, ते नमुना पाहणीचं काम. 'वाटत होतं म्हणजे नेमकं कसं' हे मात्र तिथेच कळतं. (ससेक्स विद्यापीठाने १९८१ पासून हे काम पुन्हा सुरू केलंय, अजून चालू आहे.)

शंकासुर: ठीक. पण नेलाच्या नवऱ्याला कुणी विचारलं होतं? स्वयंसेवक ती, तो नव्हे.

टिपणवही: म्हणजे बाईने स्वतःच्या संसाराबद्दल लिहायलाही नवऱ्याची परवानगी काढायची?

शंकासुर: लिहू दे की, खुशाल लिहू दे. माझा आक्षेप छापण्याला. ती १९६८ मध्ये गेली, वह्या पुस्तकरूपात आल्या १९८१ मध्ये. कुठला दिवस ठेवायचा, कुठला गाळायचा, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं.