नवरा फौजेत, घरखर्च बंद. पगारातून थेट मिळू शकतो का?

कळवेकरीण:
मिस्टर आर्मीत हवालदार, पोस्टिंग पूर्वेकडे. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंवरून भांडण झालं, तेव्हापासून खात्यात रुपया नाही. मुलांना घेऊन खारेगावात माहेरी आहे. मुलगा चौथीत, मुलगी बालवाडीत. मी ब्लाउज शिवते, त्यात किराणा कसाबसा निघतो, शाळेची फी नाही. फोन केला की एकच उत्तर, "फौजीच्या पगाराला कोर्टसुद्धा हात लावू शकत नाही. जा कुठे जायचं तिथे." भावाच्या ओळखीच्या वकिलांनीही कलम २८ दाखवलं. खरंच असं आहे का? सीओ साहेबांना (त्यांच्या कमांडिंग ऑफिसरना) लिहिलं तर नोकरी जाईल, असं सासरचे म्हणतात. मला त्यांची नोकरी घालवायची नाही हो, फक्त मुलांचं भागायला हवं. आणि पत्ता म्हणून माझ्याकडे त्यांचा नंबर, युनिट आणि "९९ एपीओ" (फौजी पोस्ट ऑफिस) एवढंच आहे.

जुना_हेडक्लार्क (कोपरी):
ताई, कलम २८ आहे, पण तुमच्या मिस्टरांनी सोयीचं तेवढंच पान वाचलंय. आर्मी ॲक्ट १९५० च्या त्या कलमाने जवानाची हत्यारं, कपडे आणि पगार दिवाणी कोर्टाच्या जप्तीतून वाचतात. पण त्याच कायद्यात पुढे कलम ९१ आहे. बायकोमुलांच्या पोटगीसाठी पगारातून रक्कम कापायचा अधिकार त्यात फौजेलाच दिलाय. अधिकाऱ्यांसाठी तेच कलम ९० मध्ये. कोर्टाला जे जमत नाही ते फौज स्वतः करते, आणि करते बरं का! माझी अख्खी नोकरी पलटणीच्या ऑफिसात गेली, असे अर्ज माझ्या टेबलावरून गेलेत.

आर्मी ऑर्डर २/२००१ प्रमाणे बायकोला जास्तीत जास्त २२ टक्के, प्रत्येक मुलाला साडेपाच, आणि सगळं मिळून ३३ च्या वर नाही. तुमची दोन मुलं, म्हणजे बेरीज बरोबर ३३. पगार-भत्ते ४५,००० धरले तर १४,८५०. ही कमाल मर्यादा आहे, मंजूर कमीही होऊ शकतं.

साधा अर्ज लिहा, मराठीत लिहून हिंदी किंवा इंग्रजी करून घ्या. कधीपासून पैसे बंद, मुलं कुणाजवळ, फी किती. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, पासबुकाची झेरॉक्स जोडा. शिवणकामाची कमाई लपवू नका, ती नंतर निघतेच. सासूबाईंचं पुराण मात्र दोन ओळींत आटपा. अर्जात सासू जितकी लांब, तितका क्लार्कचा चहा लांब. नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत ९९ एपीओ एवढ्यावर स्पीड पोस्ट बरोबर पोचतं. पाकिटावर वर "कमांडिंग ऑफिसर" लिहा, मिस्टरांचं नाव आतल्या अर्जात.

मग त्यांना शो-कॉज नोटीस (कपात का करू नये, अशी विचारणा) जाते, त्यांचं म्हणणं ऐकतात, नंतर वरून मंजुरी. वेळ लागतो. ९१ हे कपातीचं कलम आहे, शिक्षेचं नाही. नोकरी जाईल वगैरे धाक आहे नुसता.

घोडबंदरचा_राजा:
माझं मत वेगळं. आधी दोन्हीकडची मोठी माणसं बसवा. पलटणीत नाव गेलं की माणूस इरेला पेटतो, मग संसार सावरत नाही.

जुना_हेडक्लार्क (कोपरी):
राजे, बैठक जरूर बसवा. तोवर मुलाची फी तुम्ही भरणार का?

वकीलताई_नौपाडा:
काकांनी फौजेची बाजू नीट सांगितली. पण फक्त त्यावर थांबू नका. आर्मी ॲक्टची कपात वर्दी अंगावर आहे तोवरच. हवालदार निवृत्त झाला की तो रस्ता बंद. म्हणून ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयातही पोटगीचा अर्ज टाका. पूर्वीचं सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १२५, १ जुलै २०२४ पासून त्याजागी आलेल्या बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १४४. तुम्ही राहता तिथेच अर्ज करता येतो, त्यांच्या पोस्टिंगच्या गावी जायला नको. दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं, त्यामुळे फंडात जास्त कापून घेऊन हातात कमी दाखवायची युक्ती उघडी पडते. रजनेश विरुद्ध नेहा, सुप्रीम कोर्ट २०२०: पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. म्हणून तारीख महत्त्वाची, उगाच लांबवू नका. फौजेकडून काही मिळत असेल तर कोर्टाला सांगा, तेवढी रक्कम हिशेबात धरली जाते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलेला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

कळवेकरीण:
सगळ्यांचे आभार. एकच अडचण, लग्नाचा दाखला सासरी राहिलाय, ते देणार नाहीत.

वकीलताई_नौपाडा:
नोंदणी जिथे झाली तिथून दुसरी प्रत मिळते. लग्नाची तारीख आणि दोघांची नावं घेऊन जा, नोंदणी क्रमांक सापडला तर काम लवकर होईल.

जुना_हेडक्लार्क (कोपरी):
तुमचं डिपेंडंट कार्ड आहे ना? म्हणजे लग्नाची पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदी रेकॉर्डला चढवणारा युनिटचा आदेश) केव्हाच निघालीय, नोंद त्यांच्याच रेकॉर्डला आहे. कार्डाची झेरॉक्स जोडून अर्ज आधी पाठवा, दाखला मागून लावा.