शेजारचा गुलमोहर भाड्याने दिलेल्या घराच्या पत्र्यावर आलाय

प्रश्न: पुण्यात बैठं घर भाड्याने दिलंय. शेजारच्या गुलमोहराच्या दोन जाड फांद्या कुंपणावरून आमच्या पत्र्यावर टेकल्यात. पन्हळ पानांनी तुंबते, भिंतीला ओल धरते. शेजारी हात लावू देत नाहीत. भाडेकरूंनीच माणूस बोलावून फांद्या उतरवल्या तर चालेल का?

प्रतिसाद 1: भाडेकरूंना यात अजिबात पुढे करू नका. 1975 च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही 'तोडणे' या व्याख्येत येतं. 'फांदी आमच्या हद्दीत होती' एवढं तिथे पुरत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागात वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे तुम्ही स्वतः अर्ज करा. मिळकतकराची पावती आणि तीन फोटो जोडा: कुंपणासकट पूर्ण झाड, फांदी पत्र्याला टेकते ती जागा, आतली ओल. अर्जात 'धोकादायक फांद्यांची छाटणी' असंच लिहा. 'झाड काढणे' लिहिलंत तर प्रकरण लांबतं आणि शेजारी आणखी बिथरतात. त्यांनाही पत्र द्या, पोच घ्या.

झाडच पडायच्या बेतात असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. नुसत्या पानांच्या कचऱ्यासाठी तो मार्ग नाही.

प्रतिसाद 2: परवानगी आली की कापणाऱ्यापाशी उभे राहा. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ. वरून एकच घाव घातला की फांदी स्वतःच्या वजनाने फाटते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. आधी फांदी दोराने वरच्या फांदीला बांधा. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, त्याच्या दोन-तीन इंच पुढे वरून काप. उरलेला खुंट शेवटी काढा, पण फांदीच्या बुडाशी जो फुगीर कडा असतो तो शाबूत ठेवा. जखम तिथूनच भरते. कापावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. प्लास्टिकच्या बादलीतच कालवा, मोरचूद लोखंडी भांड्याला खातं. विजेची तार जवळ असेल तर महावितरणला 1912 वर कळवून पुरवठा बंद करून घ्या, त्याशिवाय कोणाला वर चढवू नका.

प्रश्नकर्ता: आणि खर्च?

प्रतिसाद 1: करारात वेगळं काही नसेल तर भाडेकरूंवर टाकू नका, घर तुमचं आहे. शेजाऱ्यांकडे निम्मा मागून बघा, पण त्यासाठी काम अडवू नका. लाकूड मात्र त्यांचं, परस्पर विकू नका. छाटणीनंतरही पानं पडणारच, म्हणून पन्हळीच्या तोंडाशी जाळी बसवा आणि ती कोणी साफ करायची हे पुढच्या करारात लिहून घ्या.