मदत हवी आहे : क्लारा शूमान यांच्या शिष्यांची ध्वनिमुद्रणे
पाश्चात्त्य अभिजात संगीतातील स्त्री पियानोवादकांचा मी सध्या अभ्यास करीत आहे. वॉर्सा येथील शोपँ पियानोवादन स्पर्धेत १९६५ साली मार्था आर्गेरिच पहिल्या आल्या आणि त्यानंतर थेट २०१० मध्ये युलियाना अव्देयेवा यांना तो मान मिळाला. मधली ४५ वर्षे एकही स्त्री पहिली येऊ नये, याचे मला तरी नवल वाटते. पण माझी अडचण त्याहून जुन्या काळातली आहे. जर्मन पियानोवादक क्लारा शूमान (१८१९–१८९६) यांचे वादन आज ऐकता येत नसल्यामुळे त्यांच्या शैलीचा माग फॅनी डेव्हिस, आडेलिना द लारा अशा शिष्यांच्या वादनातूनच घ्यावा लागतो. या दोघींची कोणती ध्वनिमुद्रणे आधी ऐकावीत, आणि जुन्या तबकड्यांच्या खरखरीतून बोटांचा स्पर्श कसा ओळखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.